क्लॅरीच्या वतीने

२ फेब्रुवारी, रविवार

पोचले एकदाची पोर्ट एल्डनला. गाडीतला एसी वाटेतच मेला आणि मागच्या सीटवरचं चॉकलेट शिलाई मशीनवर सांडलं, पण पोचले. गाव म्हणजे एक लांबलचक लाकडी धक्का, धान्याची उंच कोठारं, एक पब, एक बेकरी, आणि समोर आखाताचं पाणी, इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट. मला पाहताक्षणी आवडलं. गेल्या वर्षभरात मला काहीच आवडलं नव्हतं, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

माझा नवरा डग आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि बोलिंग क्लबातली जॅनेट अशा दोघींना घेऊन क्वीन्सलंडला गेला, तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी ते मीच पाडलेलं असायचं. लोक हळहळतात. खरं सांगायचं तर जॅनेटचं काही वाटत नाही, कॅरॅव्हॅनचं वाटतं. तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी, बेरी गावची नोएलीन नॉस्के, नोकरीला लागले. क्लॅरी नॅनकर्व्हिस नावाच्या एकट्या म्हाताऱ्याच्या घरी राहायचं आणि त्याच्या खाण्यापिण्याचं बघायचं, एवढंच काम.

क्लॅरी दारातच उभा होता. शहाऐंशीचा, ताडमाड, विजार खांद्यावरच्या पट्ट्यांना टांगलेली. बोलताना अडखळतो. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसतं आणि ते सुटेपर्यंत आपण गप्प राहायचं, बस. मी राहिले. तर म्हणाला, ‘पोरी, या घरात माझं वाक्य मला पुरं करू देणारी तू पहिलीच.’ मला ‘पोरी’ म्हणून कुणी शेवटची हाक मारली ते आठवतही नाही. चहा मीच केला आणि डोळे पुसले.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शेजारच्या केल्व्हिनबरोबर खेकडे धरायला गेलो. क्लॅरी गुडघाभर पाण्यात खेकडे ओढायचा लांब दांडा धरून उभा, केल्व्हिन त्याला सांभाळत. केल्व्हिन ट्रेस्ट्रेल जवाचा शेतकरी आहे, गडी रेड्यासारखा, पण क्लॅरीच्या नजरेला नजर देत नाही. मी थट्टा केली की, काय रे, त्याचे पैसेबिसे बुडवलेस का? तो खेकड्यांची बादली उचलून चालता झाला.

घरातल्या फोटोतली बाई क्लॅरीची थोरली बहीण आयव्ही. दोघांनीही लग्नच केलं नाही, जन्मभर याच घरात राहिले. तीन हिवाळ्यांपूर्वी ती गेली, तिच्या कपाटाला अजून लवेंडरच्या पावडरीचा वास आहे. लहानपणी क्लॅरी अडखळायला लागला तसं तिने त्याच्या वतीने बोलायला सुरुवात केली, आणि मग ते कधी थांबलंच नाही. दुकानात, पबमध्ये, चर्चमध्ये, क्लॅरी तोंड उघडायचा आणि शब्द आयव्हीचा यायचा. ‘क्लॅरीला नको.’ ‘क्लॅरीला चालेल.’ बेकरीतल्या बाईने सांगितलं, एकदा क्लॅरीला एक मुलगी आवडली होती, तिलासुद्धा नकार आयव्हीनेच कळवला. गावाला याचं हसू यायचं. मला नाही आलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क्लबात जेवण होतं. तिथे नव्या डॉक्टरबाई भेटल्या, अडेयेमी त्यांचं नाव, नायजेरियाच्या. हुशार आणि गोड बाई, पण इथल्या लोकांपुढे टेकीला आलेल्या. म्हणाल्या, पेशंटला विचारावं दुखतंय का, तर तो एका दमात म्हणतो, ‘हो, नाही.’ यातलं काय लिहून घ्यायचं, त्यांनी मलाच विचारलं. मी पोट धरून हसले. त्यांना सांगितलं, शेवटचा शब्द धरायचा. ‘हो, नाही’ म्हणजे नाही. ‘नाही, हो’ म्हणजे हो. पहिला शब्द नुसता समोरच्याचं मन राखायला असतो. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नाही.

क्लॅरीने दोनदा केक घेतला. घरी येताना माझा हात धरून चालला. किती दिवसांनी कुणाचा तरी वेळ माझ्यावाचून जात नाही असं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मोठी गोष्ट झाली. क्लॅरीने मला त्याचा शब्द दिला. म्हणजे अगदी कायद्याने. उद्या त्याला बोलता येईनासं झालं, तर औषधपाण्याचं काय करायचं हे त्याच्या वतीने मी सांगायचं. औषधांच्या दुकानात जाऊन सह्या केल्या, साक्षीला दुकानदार. आधी हे काम आयव्हीकडे होतं, ती गेल्यावर केल्व्हिनकडे, आणि केल्व्हिनने गेल्या हिवाळ्यानंतर हात वर केले. का ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, मी आहे ना.

त्याचं म्हणणं अगदी साफ आहे. गिळता येईनासं झालं की पुरे. नाकात नळी नको, पोटात नळी नको, विमानात घालून ॲडलेडला नेणं नको. इथल्याच दवाखान्यात पाण्याकडे तोंड करून निजवायचं आणि जाऊ द्यायचं. दुकानदार म्हणाला, हे सगळं फॉर्मवर इथे लिहून टाक की, जागा सोडलीय. क्लॅरी ऐकेना. जन्मभर त्याच्या तोंडचा शब्द दुसरंच कुणी बोललं, आता त्याला कागद नको, त्याचा शब्द जशाचा तसा मोठ्याने बोलणारं माणूस हवं. ‘एकदा तरी शेवटचा शब्द माझा होऊ दे, पोरी.’ ती जागा कोरीच राहिली. दुकानदाराने इथले सगळे म्हणतात तेच म्हटलं, होईल सगळं नीट. मीही तेच म्हटलं. मरणाची गोष्ट निघाली की आम्ही सगळे असंच म्हणतो आणि किटली चढवतो.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. डगने मला कधी कुत्र्याच्या गोळ्यांचंसुद्धा विचारलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

खाटकाकडे गंमत झाली. त्याने विचारलं, कणकेत मांस भरून भाजायच्या ‘पाय’मध्ये मूत्रपिंडं घालायला देऊ का? मी ताडकन म्हटलं, ‘क्लॅरीला नको.’ क्लॅरी माझ्या शेजारीच उभा होता. पहिलं अक्षर त्याच्या तोंडात आलेलं मला दिसलं होतं, आणि तरी मी बोलले. बाहेर आल्यावर माफी मागितली. तो म्हणाला, त्याला मूत्रपिंडं फार आवडतात, साठ वर्षांत खायला मिळाली नाहीत.

मला मात्र कळेना, त्याला आवडत नाहीत हे माझ्या डोक्यात आलं कुठून.

१३ मार्च, गुरुवार

उत्तरेकडून गरम वारा सुटलाय, सगळ्या घरात धूळ. सकाळी लापशी वाढताना क्लॅरीला म्हटलं, ‘फुंकर मारून खा, छोट्या.’ चमचा त्याच्या हातातून पडला. छोट्या त्याला फक्त आयव्ही म्हणायची, हे मला दुपारी बेकरीतल्या बाईकडून कळलं. त्याआधी ते ना फोटोवर लिहिलेलं होतं, ना कुणी मला सांगितलं होतं. क्लॅरी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाला, ‘आ-आलीस?’ आणि ते माझ्याशी नव्हतं.

मी भांडी घासायला उठले. एकच कप तीनदा घासला. उन्हाचा त्रास असेल.

१६ मार्च, रविवार

केल्व्हिनला त्याच्या शेडमध्ये गाठलं. मासे साफ करत होता. मी म्हटलं, आज सांगितल्याशिवाय जायची नाही. त्याने सुरी खाली ठेवली आणि सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात क्लॅरीला न्यूमोनिया झाला. तो वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तेव्हाच्या डॉक्टरने केल्व्हिनला विचारलं, आता त्याला शांतपणे जाऊ द्यायचं का? केल्व्हिन क्लॅरीला वचन देऊन बसला होता. म्हणाला, ‘मी आत गेलो तोच “हो” जिभेवर घेऊन. बोललोपण. आणि मग पाठोपाठ माझ्याच तोंडातून आयव्ही म्हातारीचा बारीक आवाज आला, “नाही.”’ हो, नाही. सगळ्यांनी ते इथल्या रिवाजाप्रमाणे नाही असंच धरलं. क्लॅरीला विमानात घातलं, घशात नळी घातली, हात बांधले. तो वाचला. घरी आल्यावर केल्व्हिनला एवढंच म्हणाला, ‘तूसुद्धा?’

मी केल्व्हिनला भित्रा म्हटलं. म्हटलं, धीर झाला नाही तुझा, आणि आता मेलेल्या बाईच्या डोक्यावर खापर फोडतोस. तो एवढा मोठा गडी, माशांच्या खवल्यांनी भरलेल्या हातांत तोंड लपवून रडला. तिला त्याची काळजी नव्हतीच, म्हणाला. तिला फक्त बोलायचं होतं. क्लॅरी गेला तर ती कुणाच्या वतीने बोलणार?

घरी येताना मला स्वतःचाच राग आला. आणि भीतीही वाटली. दोन्ही लिहून ठेवते.

२४ मार्च, सोमवार

क्लॅरी स्वयंपाकघरात पडला. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली, पाणी दिसतं. त्याचे डोळे जागे आहेत. सगळं कळतंय त्याला. मी कानाशी सांगितलं, भिऊ नकोस, तुझा शब्द मला पाठ आहे.

त्याने डाव्या हाताने माझं बोट दाबलं.

२५ मार्च, मंगळवार

डॉ. अडेयेमींनी दुपारी मला खाटेशीच बसवून विचारलं. सुधारणा होणार नाही. पोटात नळी घालायची तर ॲडलेडला न्यावं लागेल, महिनोन्महिने जगेल, पण असाच. की त्रास होऊ न देता इथेच जाऊ द्यायचं?

मी म्हटलं, हो.

मी म्हटलं. मला माझा आवाज ऐकू आला. क्लॅरीने डोळे मिटले, इतकं बरं वाटलं त्याला. आणि मग माझी जीभ वर उचलली गेली, दुसऱ्या कुणाच्या बोटांनी उचलावी तशी, आणि तोंडातून लवेंडरच्या जुन्या पावडरीचा वास आला, आणि एक बारीक आवाज म्हणाला, ‘नाही.’

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. मीच शिकवलं होतं ना त्यांना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, समजलं मला, नोएलीन, शेवटचा शब्द.

क्लॅरीने डोळे उघडले.

२६ मार्च, बुधवार

नाकात नळी घातली. त्याने डाव्या हाताने उपसून काढली. पुन्हा घातली. आता त्या हाताला जाडजूड मोजा बांधलाय, लहान मुलांना थंडीत घालतात तसा. माझ्या ‘नाही’मुळे. नर्स प्रेमाने सांगत होती, तुमच्यामुळे बिचाऱ्याला पोटाला मिळतंय हो.

डॉक्टरबाईंना पुन्हा गाठलं. कॉरिडॉरमध्ये, मग गाडीतून फोनवर. प्रत्येक वेळी हो. प्रत्येक वेळी त्याच्या शेपटीला नाही. दुसरं काहीही बोलता येतं. हवा, क्रिकेट, बटाट्याचा भाव. हे एवढंच नाही.

केल्व्हिनला पाठवलं. म्हटलं, क्लॅरीची इच्छा तुला ठाऊक आहे, तू सांग. तो आत गेला आणि बाहेर आला तो पांढराफटक. आत जाऊन त्याने काय विचारलं? विमान कधी येणार.

सोमवारी येणार.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी धक्क्याच्या टोकाला गेले आणि समुद्राकडे तोंड करून ओरडले. हो. हो. हो. नुसतं हो, मागे काही नाही. गळ टाकून बसलेला माणूस म्हणाला, बाई, मासे पळतील. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

तडक दवाखान्यात गेले, धावतच. ‘हो’ तोंडात घोळवत ठेवला. खाटेशी पोचले आणि क्लॅरीला बघून पुन्हा —

नाही. नाही. ‘छोट्याला ऊब द्या,’ मी म्हणाले. ‘छोट्याला पडदा लावून घ्या, त्याला पाणी बघवत नाही.’

पडदा लावला त्यांनी.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टरबाईंना म्हटलं, माझं नाव काढा, दुसरं कुणी बघा. हे मात्र बोलता आलं. आयव्हीने बोलू दिलं. कारण दुसरं कुणी नाहीच. माझं नाव गेलं तर ते उपचार चालूच ठेवणार, विमानात घालणार. कोऱ्या जागेत क्लॅरीची इच्छा कुणाला दिसणार आहे?

तो माझ्याकडे बघतो. शिव्या देत नाही त्याची नजर. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘तूसुद्धा?’ एवढंच.

आरसा टाळतेय. ओठ माझेच आहेत. पण बोलत नसले तरी हलतात —

३० मार्च, रविवार

घरात एकटी. त्याची खुर्ची. त्याचा कप.

आज एक गोष्ट कळली आणि ती लिहायलाच हवी, लाज वाटली तरी. आयव्ही जबरदस्तीने आत आलेली नाही. दार उघडंच होतं. क्लॅरी गेला तर हे घर विकलं जाईल, मी परत त्या रिकाम्या घरात, एकट्या भांड्यांच्या आवाजात जाईन, आणि मला पोरी म्हणणारं कुणी उरणार नाही. त्याने जाऊ नये असं मला वाटतं. नळ्या लावून का होईना. ती माझ्या तोंडून बोलते ते माझ्याच मनातलं — केल्व्हिनच्या मनातलंही तेच होतं. आम्ही त्याच्यावर प्रेम करतो म्हणून ती —

प्रेम म्हणायचं का याला?

त्याला हवंय ते माझ्याहून मोठं आहे. हे एकदा मनापासून म्हटलं पाहिजे. तिने कधीच म्हटलं नाही.

आयव्हीला लिहिण्याचा कंटाळा होता. दुकानाची यादीसुद्धा ती तोंडानेच पाठवायची, बेकरीतली बाई सांगत होती. जे काही ते सगळं तोंडाने. या वहीत ती एकदाही आलेली नाही. सगळी पानं चाळून पाहिली. अक्षर माझंच.

उद्या बोलणार नाही. लिहीन.

३१ मार्च, सोमवार

दवाखाना. त्याच्या उशाशी. पडदा मी उघडला, पाणी दिसतंय. विमान उतरलं म्हणतात —

ओठ आत ओढून दातांखाली धरलेत. रक्ताची चव. आत कुणीतरी बोलतंय, बोलू दे —

क्लॅरी बघतोय. मोजा सोडून हात हातात घेतलाय. गरम आहे. मला नकोय त्याने जायला. नकोच आहे. तरीही. तुझा शब्द, क्लॅरी, माझा नाही —

डॉक्टर आल्या. विचारताहेत. शेवटचं विचारते म्हणतात, बाहेर स्ट्रेचर आहे. मी वहीकडे बोट दाखवलं. माझ्या खांद्यावरून वाचताहेत —

डॉक्टर, हे क्लॅरी नॅनकर्व्हिसच्या वतीने. माझ्या वतीने नव्हे. तिच्या वतीने नव्हे. तुम्ही विचारलंत, त्याला जाऊ द्यायचं का.

हो.

हो

बोटं गार पडली, पेन दुसरंच कुणी चालवतंय — लवेंडर —

हो, नाह—